मूळचे कुठले?

वसईत हा प्रश्न हमखास येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, विरार लोकलमध्ये, भाजी घेताना. माझं उत्तर ठरलेलं : रत्नागिरीचे. वडील १९९२ साली गिरगावच्या चाळीतून नालासोपारा पूर्वेला आले. आयुष्य इथे गेलं, तरी मूळ तिकडचं.

पण वसईच्या इतिहासात 'मूळचे' शोधायला निघालं की पंचाईत होते. आमच्या स्टेशनच्या पश्चिमेला सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. इतकं जुनं बंदर, तिथे माणसं येतच राहणार. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले.

शाळेत इथपर्यंत शिकवलं. मग इथल्या ख्रिस्ती लोकांचं काय झालं? काहीच नाही, ते इथेच राहिले. ते पोर्तुगालहून आलेच नव्हते. सामवेदी, वाडवळ, कोळी अशी ही इथलीच माणसं. धर्म बदलला, वाडी तीच, विहीर तीच, घरातली बोली मराठीच. केळी, पानं, फुलं, भाजी पिकवून मुंबईला पोचवत राहिली.

आणि आम्ही? नव्वदच्या दशकात आमच्या बिल्डिंगला टँकरने पाणी यायचं. उशीर झाला की आम्ही टँकरवाल्याशी भांडायचो. पाणी कुठून येतं, हे मात्र कधी विचारलं नाही. ते पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींतून उपसलं जात होतं. त्याच विहिरींवर तिथली बागायत उभी. म्हणून गावं रस्त्यावर उतरली. हरित वसई संरक्षण समितीचं ते आंदोलन, आणि पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आमच्या जिन्यात तेव्हा एकच सूर : "हे गाववाले आपलं पाणी तोडतायत." आमची तहान खोटी नव्हती. पण 'आपलं पाणी' म्हणताना ते दुसऱ्याच्या विहिरीचं आहे, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

तेच दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. निवड जाहीर झाली तेव्हा धर्मावरून विरोध झाला. वसईच्या नंदाखालमध्ये जन्मलेला, 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं मराठीत चालवणारा, बायबल मराठीत आणणारा माणूस. त्यालाही आपण 'तुम्ही आमचे का?' असं विचारलंच. २०२४ साली ते गेले.

जन्म आणि भाषा असूनही हा प्रश्न सुटत नसेल, तर माझ्यासारख्याने कशाच्या जोरावर वसईकर म्हणवून घ्यायचं? नुसतं राहून नाही, एवढं कळलंय. ज्या विहिरीचं पाणी प्यालो, ती बुजवली जाताना गप्प न बसणं, इथून सुरुवात करता येईल.

आता कुणी विचारलं की सांगतो : रत्नागिरीचे, पण पाणी वसईचं प्यालोय.

तुमच्याकडे यायचा का टँकर? कुठल्या गावचं पाणी होतं, आठवतंय?