एका शहरातल्या दोन चुली



गट फुटला की गावात महिनाभर चर्चा चालते. जागा कोणाची, पैसे कुठे गेले, नाव कोणी वापरायचं. आज आम्ही अशाच एका फुटीची गोष्ट सांगणार आहोत. ती घडली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरात, आणि फुटला तो फुटबॉलचा क्लब.

१८७८ साली तिथल्या सेंट डोमिंगो चर्चच्या मंडळींनी संघ काढला. चर्चबाहेरचे लोकही खेळायला येऊ लागले, म्हणून पुढच्या वर्षी वस्तीचं नाव दिलं, एव्हर्टन. १८८४ पासून ते ॲनफिल्डच्या मैदानावर खेळायचे. १८९१ मध्ये तर एव्हर्टननं देशाची लीग जिंकली.

पण मैदान भाड्याचं होतं, आणि मालक होते क्लबचेच अध्यक्ष, जॉन हाउल्डिंग. बिअरच्या कारखान्याचे धनी. क्लबला चांगले दिवस आले तसं वर्षाचं भाडं १०० पौंडांवरून २५० पौंडांवर गेलं. सभासदांत दारू न पिणारी, चर्चला जाणारी मंडळी बरीच. त्यांना भाडंही पटेना आणि दारूवाल्याची सत्ताही. शेवटी १८९२ मध्ये बहुतेकांनी मैदान सोडलं आणि बागेच्या पलीकडे वेगळी चूल मांडली. ते गुडिसन पार्क. 'एव्हर्टन' हे नाव सभासदांकडेच राहिलं. हाउल्डिंग यांच्याकडे उरलं रिकामं मैदान. त्यांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला, लिव्हरपूल.

पुढे शहरात दोन रंग झाले. एव्हर्टन निळं, लिव्हरपूल लाल. दोन्ही मैदानं जेमतेम एक किलोमीटरवर. एकाच घरात आई निळी आणि लेक लाल असंही असतं.

आता बायकांची गोष्ट. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि बायका कारखान्यांत दारूगोळा बनवू लागल्या. प्रेस्टन गावच्या कारखान्यातल्या मुलींनी 'डिक कर' नावाचा संघ काढला. २६ डिसेंबर १९२० ला गुडिसन पार्कवर त्यांचा सामना झाला. तो बघायला ५३,००० माणसं आली आणि हजारो बाहेर राहिली. जमलेले ३,००० पौंडांहून जास्त पैसे धर्मादाय कामाला गेले.

आणि पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, फुटबॉल संघटनेनं ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही, क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. जमा रकमेतला फार मोठा भाग खर्चात जातो, असा ठपकाही ठेवला. ठराव करणारे सगळे पुरुष. ती बंदी जवळजवळ ५० वर्षं टिकली. शोभत नाही आणि हिशोब नीट नाही, ही दोन वाक्यं आपण किती वेळा ऐकली आहेत?

१९८९ मध्ये शेफिल्ड शहरात सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी झाली. त्यात लिव्हरपूलचे ९७ चाहते गेले. तेव्हा लाल आणि निळे मफलर एकमेकांना बांधून लोकांनी बागेतून दोन्ही मैदानं जोडली. चुली वेगळ्या होत्या, पण सुतक एक होतं.

२०२५ मध्ये एव्हर्टनचा पुरुष संघ गोदीजवळच्या नव्या मैदानात गेला. जुनं गुडिसन पार्क आता कोणाचं घर आहे? एव्हर्टनच्या महिला संघाचं! जिथे ५३,००० लोक बायकांचा खेळ बघायला आले होते, तिथेच.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं विचारा: आपली बसायची जागा आणि गिरणी कोणाच्या नावावर आहे? त्याचा कागद आहे का? आणि हिशोबाची वही सगळ्यांसमोर उघडते का? कोणी बोट दाखवायच्या आत आपली वही तयार हवी.