चोथ्याचं पाणी

आमच्या वेळच्या लालबाग-परळात कुणाच्या घरात मोसंबीचा रस काढताना दिसला की शेजारीण दारातून विचारायची, "कोण आजारी आहे?" उसाचा रस गुऱ्हाळात उभ्याने प्यायचा, आमरस मे महिन्यात गावाला. एरवी घरात रस काढायचा तो खाटेवरच्या माणसासाठीच.

मी कुडाळ तालुक्यातला. १९७७ साली दहावी पास झालो आणि लालबागला काकांच्या खोलीवर आलो. काका गिरणीत साचेखात्यात होते. वय भरल्यावर मीही बदलीवर लागलो. एका खोलीत काका-काकी, त्यांची दोन पोरं, मी आणि दोन गाववाले.

१९८० च्या पावसाळ्यात काकांचा खोकला थांबेना. आधी वाटलं, खात्यात कापसाचा धुरळा उडतो त्याचा असेल. तपासणीत क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, औषध एक दिवसही चुकवायचं नाही, पोटभर जेवायचं, जमलं तर फळांचा रस द्या.

आता रस काढायचा कशावर? मुंबईतच तयार झालेला सुमीत मिक्सर १९६३ पासून बाजारात होता, पण तो आमच्यासारख्यांच्या खोलीत आला नव्हता. काकीची बहीण गिरगावात एका वाडीत घरकाम करायची. तिथल्या बाईंनी आपली जुनी काचेची चकती दिली, मधे खाचांचा उंचवटा असलेली. तेच आमचं यंत्र.

काकी संध्याकाळी उशिरा दादरच्या बाजारात जायची. विक्रेते आवरायला लागले की भाव उतरतो. घरी आल्यावर मोसंबी पाटावर तळव्याखाली दाबून फिरवायची, म्हणजे रस सुटतो. मग आडवी कापून चकतीवर हलक्या हाताने पिळायची. जोर केला की बी चिरडते, पांढरा पापुद्रा खरवडला जातो आणि रस कडू होतो. गाळायला मांजरपाटाचं धुतलेलं फडकं. काढलेला रस लगेच प्यायचा, ठेवला की कडवटपणा चढतो. चार मोसंब्यांचा जेमतेम एक पेला भरायचा.

काकांचा पेला वेगळा ठेवलेला होता. त्यात ओतायच्या आधीच ते म्हणायचे, "माका अर्धो पुरे. पोरांक दी." उरलेला रस दोन्ही पोरांना आणि मला घोटघोट मिळायचा. मी एकोणीस-वीस वर्षांचा, कमावता. नको म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

एका रात्री पाळीवरून उशिरा आलो. काकी मोरीपाशी बसली होती. फडक्यातला चोथा भांड्यात घेऊन तिने त्यावर पाणी ओतलं, गुळाचा खडा टाकला, कुस्करलं आणि गाळून प्यायली.

"काकी, ह्या काय?"

"चोथ्याचा पाणी रे. फुकट कित्याक घालवायचा?"

दुसऱ्या दिवसापासून मी रस घेतला नाही. काकीने कारण विचारलं नाही.

काका बरे झाले. ते रसाने नव्हे, वेळेवर घेतलेल्या औषधाने. रसाने तोंडाला चव आली, एवढंच. १९८१ च्या दिवाळीला ते परत कामावर गेले आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पगार बंद, मोसंबीही बंद. पुष्कळ जण गावाकडे निघाले, त्यांत आम्हीही.

मे महिना होता, रातांबे पिकले होते. काकीने बिया काढून सालींच्या वाट्या केल्या, बरणीत साल आणि साखरेचे थर दिले. सालींच्या दीडपट-दुप्पट साखर. तोंडाला फडकं बांधून बरणी आठवडाभर उन्हात ठेवली, रोज हलवली. साखर विरघळून लालभडक अर्क सुटला. त्याच्या बाटल्या घेऊन ती लालबागला परतली आणि चाळीत विकू लागली. दोन चमचे अर्क, पेलाभर पाणी, चिमूटभर मीठ-जिरं. संपाच्या त्या दिवसांत घरात आलेली ती पहिली कमाई. मी गावीच राहिलो. पुढची पाच-सहा वर्षं रातांबे मीच एसटीने पाठवायचो.

गेल्या वर्षी परळला गेलो. काकांचा नातू आता उंच इमारतीत राहतो. शिवाजी पार्कवर पहाटे फिरायला जातो, तिथे कारल्याचा, दुधीचा रस विकणारे बसतात. ते बघून त्याने घरी मोठं यंत्र आणलं. सुनेने विचारलं, "काका, सुरुवात कशी करू?"

म्हटलं, बाजारात ज्याचा हंगाम त्याचाच रस काढ, थोडाच काढ, काढला की पी. दुधीचा तुकडा आधी जिभेला लाव. कडू लागला तर आख्खा दुधी टाकून दे, तो विषारी असतो. गाजराचा चोथा थालीपिठात घाल. आणि मधुमेह असेल त्याने रस पिण्यापेक्षा फळ चावून खावं.

तिने मोसंबीचा रस काढला, मला पेला दिला आणि चोथा कचऱ्याकडे नेऊ लागली. मी तो मागून घेतला. पाणी ओतलं, गूळ घातला, कुस्करून गाळला आणि प्यायलो.

गूळ घालूनही कडू होतं. काकी हे कधी बोलली नव्हती.