मलबार टेकडीचा उतार

गिरगांवच्या चौपाटीवर सायंकाळीं फिरावयास जाणाऱ्या आम्हां लोकांस समोरची मलबार टेकडी म्हणजे एक हिरवा पडदाच वाटत आलेली आहे. तो पडदा केवळ शोभेसाठीं असावा, अशी आमची समजूत. ता. ५ ऑगस्ट २०२० च्या पावसानें ती मोडली. त्या सायंकाळीं कुलाब्यास ताशीं १०६ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला, आणि दुसऱ्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तेथें ३३१.८ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पावसांत केम्प्स कॉर्नरच्या बाजूस बाळ गंगाधर खेर मार्गाची आधारभिंत ढासळली, आणि माती, दगड व झाडें खालच्या पाटकर मार्गावर येऊन पडलीं. मोठमोठ्या इमारती वर कड्यालगत उभ्या होत्या!

या टेकडीचा इतिहास पाहिला असतां एक गोष्ट ध्यानांत येते. वाळकेश्वराचें स्थान शिलाहारकालापासूनचें. परंतु त्या यात्रेकरूंनीं टेकडी फोडली नाहीं. चौपाटीकडून ते जिनें चढत ती पायवाट होती, आणि सिरी रोड हें नांव त्या शिडीच्या वाटेवरूनच पडलें असें मानितात. सतराव्या शतकांत पारशी मंडळींनीं डुंगरवाडी वसविली आणि तेथील रान राखिलें. पुढें एल्फिन्स्टन यांनीं मलबार पॉइंटावर बंगला बांधिला. १८८५ सालीं गव्हर्नरांचें निवासस्थान परळाहून तेथें गेलें. आणि प्रतिष्ठितांची वस्ती वाढत गेली. वस्तीस रस्ते हवे, रस्त्यांस सपाटी हवी. ती उताराचा पायथा कापून मिळविली, व कापलेल्या जागीं भिंत उभी केली.

आतां टेकडीचें पोट कसें आहे तें पाहूं. मुंबईच्या टेकड्या लाव्हारसाच्या थरांच्या. पण वरळी व मलबार या टेकड्यांत दोन थरांमध्यें गोड्या पाण्याच्या तळांत सांचलेला मऊ गाळखडकही आहे. वरळीच्या त्या खडकांत सांपडलेल्या इवल्या बेडकाचें वर्णन ओवेन या शास्त्रज्ञानें १८४७ सालीं केलें. वरच्या खडकाची झीज होऊन मुरूम व माती होते. त्यांत पाणी मुरलें कीं तिचें वजन वाढतें व कणांची परस्परांवरील पकड सुटते. पाण्यास वाट न मिळाल्यास तें भिंतीस मागून ढकलीत राहतें.

येथें कोणी विचारील कीं, झाडेंही कोसळलीं ना? मग झाडांचा उपयोग काय? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर टाळून चालावयाचें नाहीं. वनस्पतींची सत्ता वरच्या कांहीं फुटांपुरतीच. त्याखालून दरड सुटली तर झाडही तिच्यासवें जातें. कापलेल्या कडेवर पसरट मुळ्यांचें उंच झाड तर वाऱ्यानें हेलकावून उलट मातीच सैल करितें. भिंतीच्या सांध्यांत उगवलेला पिंपळ कोवळा असतांच न काढल्यास तो भिंतच फोडतो. झाड लावणें पुरेसें नव्हे. कोणतें व कोठें, हाच प्रश्न.

या प्रश्नाचें एक उत्तर आमच्या माजघरांतच होतें. उन्हाळ्यांत माठांत टाकावयाचा वाळा आम्हीं केवळ सुगंधासाठीं उपटीत आलों! त्याच्या मुळ्या आडव्या न पसरतां सरळ खालीं दहा फुटांपर्यंत जातात, आणि त्यांची ताणशक्ति मऊ पोलादाच्या सुमारें एकषष्ठांश भरते. उताराला आडवी, समपातळीवर वाळ्याची दाट ओळ लाविली असतां वाहतें पाणी तिच्यांतून गाळून जातें, गाळ मागें अडतो, आणि कालांतरानें आपोआप पायरी बनते. कर्नाटकांतील गुंडलुपेटकडचे शेतकरी शेताच्या बांधांवर हें गवत पूर्वींपासून राखीत आले आहेत. १९८० नंतर जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनीं त्याचा पुरस्कार देशोदेशीं केला.

तथापि एकट्या वाळ्यानें मलबार टेकडी तरणार नाहीं. १८ जून १९७२ रोजीं हाँगकाँगांत दोन दरडींनीं शंभरावर माणसें घेतलीं. त्यानंतर १९७७ सालीं तेथें उतारांकरितां स्वतंत्र सरकारी कचेरी निघाली. तेथें आज पोलादी सळया, पाण्याच्या मोऱ्या व वनस्पति यांचा मेळ घालितात. कोंकणांतील आमच्या वडिलांसही हें तत्त्व ठाऊक होतें. त्यांचा गडगा चुन्याशिवाय रचलेला. दगड माती धरीत आणि फटी पाणी सोडीत. भिंतीनें भार घ्यावा, मोरीनें पाणी न्यावें, मुळीनें माती धरावी. एकाचें काम दुसऱ्यावर टाकलें कीं घात झाला.

हा केवळ श्रीमंतांच्या टेकडीचा प्रश्न नव्हे. १८ जुलै २०२१ रोजीं चेंबुरास भिंत कोसळून पायथ्याच्या झोपड्यांतील माणसें झोपेंतच दगावलीं. टेकडीवर कोण राहतो यापेक्षां तिच्याखालीं कोण निजतो, हें आधीं पाहावयास हवें. चौपाटीवरून दिसणारा तो हिरवा पडदा शोभेचा नव्हे. तो कोणाच्या तरी उशाशीं आहे.