‘समजून द्या’ या दोन शब्दांचा इतिहास : दुकानातले अर्धवेळ काम आणि बाबासाहेबांचा वेतनविचार

सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी दुकान, असा दिवस काढणारे आपल्या समाजातील शेकडो तरुण आज शहरोशहरी आहेत. त्यातले अनेकजण हार्डवेअरच्या दुकानात काम करतात. सिमेंटच्या गोण्या उतरवणे, पाईप मापात कापणे, खिळे वजन करून देणे, टेम्पोबरोबर माल पोहोचवणे, गिऱ्हाईक वाढले की काउंटरवर उभे राहणे ही त्यांची कामे. कामाला लागताना मालक विचारतो, “काय घेणार?” आणि आपला शिकलेला, बी.ए., बी.कॉम. करणारा मुलगा उत्तर देतो, “समजून द्या.”

हे उत्तर नम्रतेचे आहे, असे अनेकांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. या दोन शब्दांना मोठा इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय पगाराचा आकडा तोंडातून निघणार नाही.

गावगाड्यात महाराच्या कामाला वेळ नव्हती आणि दामही ठरलेला नव्हता. सरकारी टपाल पोहोचवायचे, अधिकारी आला की त्याच्या सेवेला हजर राहायचे, वसुलीचा खजिना सांभाळायचा, मेलेली जनावरे ओढायची. दिवस असो वा रात्र, हाक आली की जायचे. घरातला कर्ता नसेल तर दुसऱ्या कोणी जायचे. मोबदला काय? तुटपुंजी वतनी जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदारची भाकर. बलुते देणे शेतकऱ्याच्या मर्जीवर होते. महाराने मान वर केली, मेलेले ढोर ओढायला नकार दिला, की बलुते बंद. काम सक्तीचे आणि मोबदला मर्जीचा, हे या व्यवस्थेचे खरे स्वरूप होते. वतन हा मान आहे असे सांगून हीच गुलामी आपल्या पूर्वजांच्या गळ्यात बांधली गेली.

बाबासाहेबांनी हे दुखणे नेमके ओळखले. मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रूपांतर रोख करात व्हावे, ज्याला वतनातून मोकळे व्हायचे आहे त्याला मोकळे होता यावे, ही त्यातली मुख्य मागणी. म्हणजे धान्याच्या सुपाऐवजी हातात ठरलेली रक्कम हवी, आणि ती कोणाच्या मर्जीने नव्हे तर कायद्याने हवी. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला, तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते.

गाव सोडून जे मुंबईच्या गिरणीत गेले, त्यांना रोख पगार मिळाला. पण तिथेही जात दाराशी उभी होतीच. विणकाम खात्यात, म्हणजे साचेखात्यात, पगार चांगला होता. परंतु त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण कामगाराला त्याचा विटाळ होई! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न ठेवला. कामगारांच्या एकीच्या गोष्टी करणाऱ्यांना जास्त पगाराचे खाते आपल्याच कामगार बंधूंसाठी बंद आहे, हे दिसत नव्हते काय? जातिव्यवस्था कामाची विभागणी करून थांबत नाही, ती कामगारांचीच उतरंड लावते, हे त्यांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ ग्रंथात मांडले. त्याची जिवंत साक्ष गिरणीत होती.

आज हार्डवेअरच्या दुकानात साचेखाते नाही, पण काउंटर आणि गोदाम आहे. गोदामात कोण राबतो आणि गल्ल्याजवळ कोण उभा राहतो, हे आपापल्या शहरात एकदा डोळे उघडून पाहा. काउंटरवर उभ्या राहणाऱ्याला मालाची ओळख होते. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी पाईपमधला फरक, बिजागरीचे माप, रंगाची छटा, कोणत्या प्लंबरला किती सूट द्यायची, हे सगळे त्याला कळू लागते. हे ज्ञानच उद्या पगार वाढवते, परवा स्वतःचे दुकान उभे करून देते. गोदामात राबणाऱ्याच्या वाट्याला फक्त पाठदुखी येते. म्हणून कामाला लागताना “किती?” याबरोबर “कोणते काम?” हाही प्रश्न विचारला पाहिजे.

बाबासाहेब प्रश्न मांडून थांबले नाहीत. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाच्या संपात ते कामगारांबरोबर उतरले. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी केंद्रीय विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. जिथे कामगार संघटित नाही, जिथे तो मालकासमोर एकटा उभा आहे, तिथे पगाराचा तळ सरकारने ठरवावा, हे त्या विधेयकाचे सूत्र. पुढे जगजीवनराम मजूरमंत्री असताना हा कायदा संमत झाला आणि १५ मार्च १९४८ पासून लागू झाला. गिरणी कामगाराला युनियन होती. दुकानातल्या पोऱ्याला कोण होते? त्याच्यासाठीच हा कायदा होता.

या कायद्यातले एक कलम प्रत्येक तरुणाने पाठ करावे. किमान वेतनापेक्षा कमी घेण्याचा करार कामगाराने स्वतःहून केला, तरी तो करार शून्य आहे. म्हणजे “मुलगा स्वखुशीने तयार झाला” ही मालकाची सबब कायद्यापुढे टिकत नाही. आपण ‘समजून द्या’ म्हटले, तरी आपला हक्क संपत नाही! वेतन संहितेतही ही तरतूद कायम आहे.

याहून पुढचे पाऊल संविधानाने टाकले. अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो. १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे म्हणजे अनुच्छेद २३ नुसार सक्तीचे श्रमच होत. भूक आणि गरिबी ही सक्तीच आहे, असे न्यायालयाने मानले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या वेठीतून सुटका मागितली, तीच वेठ आज कमी पगाराच्या रूपाने दुकानात शिरते, हे आता आम्ही एकटेच म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष आकड्याकडे येऊ. महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०१९ च्या अधिसूचनेत दुकाने व व्यापारी आस्थापनांतील अकुशल कामगाराचा पहिल्या परिमंडळातला मूळ दर महिना १०,०२१ रुपये ठरला. रोजचा दर काढताना महिन्याला २६ ने भागायचे, म्हणजे सुमारे ३८५ रुपये. अर्धवेळ कामगारासाठी रोजाला आठाने भागून त्यावर १५ टक्के वाढ द्यायची, असा नियम आहे. हा हिशेब तासाला ५५ रुपयांच्या थोडा वर जातो. रोज चार तास, महिन्याचे २६ दिवस धरले, तर सुमारे ५,७६० रुपये होतात. हा २०१९ चा नुसता मूळ दर झाला. त्यावर दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता वेगळा, आणि अर्धकुशल, कुशल कामाचा दर याहून जास्त. तेव्हा कामाला जाण्याआधी चालू भत्ता कामगार कार्यालयातून माहीत करून घ्या आणि हा हिशेब कागदावर मांडून न्या. अर्धवेळ म्हणजे अर्ध्या किमतीचा माणूस नव्हे. उलट कायदा त्याच्या तासाला १५ टक्के जास्त मोजतो.

यावर तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, “आमचे दुकान छोटे आहे, आम्हाला शॉप ॲक्ट लागू नाही.” २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने बहुतेक तरतुदींतून वगळली आणि पुढे ही मर्यादा आणखी वाढवली गेली, हे खरे. पण किमान वेतनाचा कायदा वेगळा होता, त्याला ही पळवाट नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता तर सर्वच रोजगारांना लागू आहे, आणि वेतनाच्या दाव्यासाठी तिने तीन वर्षांची मुदत दिली आहे. दुसरे, “परवडत नाही.” मालकाला परवडते की नाही हा किमान वेतनाचा निकष नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच स्पष्ट केले आहे. तिसरे, “तुला शिकायला मिळते ना?” शिकायला मिळत असेल तर काउंटरवर उभे करा, पण गोणी उचलण्याची मजुरी शिक्षणाच्या नावाने कापू नका.

एक प्रश्न मात्र खरा आहे. “एवढे मागितले तर मालक दुसऱ्या मुलाला ठेवील.” ठेवील, हे आम्ही नाकारत नाही. एकटा मुलगा एका बाजाराशी लढू शकत नाही. म्हणूनच हे काम एकट्याचे नाही. प्रत्येक वस्तीतल्या विहारात, अभ्यासिकेत दुकानांत काम करणाऱ्या मुलांची यादी करता येईल. कोण किती तास राबतो, किती मिळते, कोणाचा पहिला पगार अडकवून ठेवला आहे, हे एकमेकांना कळू द्या. हजेरी वहीत रोज लिहा, पगार शक्यतो मोबाइलवरून खात्यात घ्या, म्हणजे पुरावा राहतो. एका गल्लीतल्या दहा दुकानांतल्या मुलांनी एकच आकडा सांगितला, तर मालकाला दुसरा मुलगा कुठून मिळणार?

आणि शेवटची गोष्ट, जी बोलायला आपल्यालाच जड जाते. आता आपल्या समाजातही दुकानदार उभे राहत आहेत, याचा आम्हाला अभिमान आहे. पण आपल्याच मुलाला “आपलाच आहे, सांभाळून घेईल” म्हणून कमी पगारावर राबवणारा आपला दुकानदार बाबासाहेबांचा फोटो गल्ल्यावर लावून बलुत्याचीच पद्धत चालवतो. त्यालाही हाच हिशेब दाखवा. पगार हा उपकार नाही, ते श्रमाचे मोल आहे, आणि ते देण्याची सुरुवात आपल्या दुकानापासून झाली पाहिजे.

जय भीम!