शाळेची भिंत आणि सार्वजनिक तिजोरी

१० मार्च १९३३ हा शुक्रवारचा दिवस. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील लाँग बीच ह्या किनाऱ्यावरच्या शहरात सायंकाळचे सहा वाजण्यास सहा मिनिटे कमी असताना धरणी हादरली. भूकंप काही महाप्रलयंकर नव्हता. त्याचे मान ६.४ एवढे मोजले गेले. सुमारे १२० माणसे दगावली. परंतु लोकांच्या अंगावर खरा काटा आला तो शाळांची अवस्था पाहिल्यावर. सत्तर शाळा नष्ट झाल्या होत्या आणि आणखी सव्वाशेच्या आसपास शाळा मोडकळीस आल्या होत्या. जेफर्सन ह्या माध्यमिक शाळेच्या जागी विटांचे ढिगारे उरले होते. शाळा सुटून काही तास झाले होते, म्हणूनच मुले वाचली. तोच धक्का दुपारी बसता तर काय झाले असते, हा एकच प्रश्न त्या रात्री प्रत्येक घरी विचारला जात होता.

ह्या शाळा पडल्या कशा? बहुतेक इमारती विटांच्या होत्या. चुन्याचा दर्जा हलका, भिंतींच्या पोटात लोखंडाचा आधार नाही, आणि वर शोभेसाठी चढविलेले जड कठडे व कमानी. जमीन हलताच भिंती छपरापासून सुटल्या व बाहेरच्या अंगाला कोसळल्या. म्हणजे जीव वाचविण्यासाठी जी मुले दाराकडे धावली असती, त्यांच्याच माथ्यावर हे कठडे आले असते. शाळा बांधण्याचे काम स्थानिक शिक्षण मंडळांकडे असे. करदात्यांचा पैसा वापरला जाई. पण त्या पैशातून उभी राहणारी भिंत किती भक्कम आहे, हे राज्याच्या वतीने तपासणारे कोणी नव्हते.

बरोबर एका महिन्याने, १० एप्रिल १९३३ रोजी, विधिमंडळाचे सदस्य डॉन फील्ड ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा अमलात आला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. शाळेचे आराखडे परवानाधारक वास्तुशिल्पज्ञाने किंवा अभियंत्याने करावयाचे. राज्याच्या वास्तुविभागाने ते तपासून मंजूर करावयाचे. बांधकाम चालू असता निरीक्षकाने सतत जागेवर देखरेख ठेवावयाची. आणि काम मंजूर आराखड्याप्रमाणेच झाले, असे संबंधितांनी शपथेवर लिहून द्यावयाचे. खोटे लिहून देणे हा गंभीर गुन्हा ठरविण्यात आला. पण कायद्याचा खरा कणा दुसऱ्याच कलमात होता. आराखड्याला मंजुरी नसेल तर बांधकामाचा करारच अवैध, आणि त्या कामापोटी सार्वजनिक तिजोरीतून एक डॉलरही देता येणार नाही, असे ते कलम बजावीत होते. निव्वळ उपदेशाने जे साधले नसते, ते तिजोरीच्या किल्लीने साधले.

तरीही कायदा अर्धाच होता. तो नव्या इमारतींना लागू होता; जुन्या शाळांत मुले पूर्वीप्रमाणेच बसत होती. १९३९ साली गॅरिसन कायद्याने जुन्या इमारती तपासून घेण्यास व त्या असुरक्षित आढळल्यास उपाय योजण्यास मंडळांना सांगितले. परंतु उपाय योजावयाचा तर पैसा कोठून आणावयाचा? कर्जरोखे काढण्यास मतदारांच्या दोनतृतीयांश बहुमताची अट होती, आणि डोळ्यांना धडधाकट दिसणाऱ्या शाळेसाठी करवाढ सोसण्यास नागरिक सहजी तयार होत नसत. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. इमारत तपासली की दोष उघड होणार आणि दोष उघड झाला की खर्च अंगावर येणार, म्हणून कित्येक मंडळांनी तपासणीच टाळली.

दैव मात्र पुनःपुन्हा इशारा देत होते. २१ जुलै १९५२ रोजी कर्न परगण्यात मोठा भूकंप झाला. फील्ड कायद्याखालील शाळांना फारसे काही झाले नाही; जुन्या शाळांची मात्र वाताहत झाली. तेव्हा पहाट होती आणि उन्हाळ्याची सुट्टीही होती. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी सान फर्नांडो खोरे हादरले, तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. वर्ग पुन्हा रिकामेच होते.

ह्या वेळी मात्र केवळ सुदैवावर विसंबण्याचे दिवस संपत आले होते. १९६६ साली राज्याच्या महाधिवक्त्यांनी मंडळांच्या सदस्यांवर व्यक्तिशः दायित्व येऊ शकते, असे मत दिले होते. त्यानंतरच्या ग्रीन कायद्यांनी जुन्या शाळा सुधारण्यास किंवा रिकाम्या करण्यास मुदत घातली. १९७२ साली मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून असुरक्षित शाळांच्या पुनर्बांधणीच्या कर्जरोख्यांपुरती दोनतृतीयांशाची अट शिथिल केली. साधे बहुमत पुरेसे ठरले. मुदत आणि पैसा हे दोन्ही हातात आल्यावर काम मार्गी लागले. जुन्या इमारतींचा प्रश्न सुटत आला तेव्हा सत्तरचे दशक संपत आले होते. म्हणजे पहिल्या कायद्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. खाजगी शाळांची मुले तर आणखी मागे राहिली. त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला तो १९८६ साली.

भारतालाही हा प्रश्न परका राहिला नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या गवती छपराने पेट घेतला आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. तेथे वर्ग भरलेले होते. त्या दुर्घटनेतून उद्भवलेल्या खटल्यात १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला आणि इमारत सुरक्षित असल्याची खात्री केल्याविना शाळेस मान्यता देऊ नये, असा आदेश दिला. कॅलिफोर्नियाने जो अंकुश पैशाला लावला, तो येथे मान्यतेला लागला. पण मान्यता रोखल्याने गळके छप्पर बदलत नाही, की तडकलेली भिंत सांधत नाही. गावच्या एकुलत्या एका शाळेची भिंत तडकलेली आढळली, तर तिच्या दुरुस्तीची रक्कम कोणाच्या अंदाजपत्रकात आणि कोणत्या वर्षी धरली जाणार, हेही त्याच आदेशासोबत ठरावे लागते. कॅलिफोर्नियात ते ठरण्यास चाळीस वर्षे लागली, आणि त्या अवधीत तिन्ही वेळा मुले वाचली ती भूकंपाची वेळ चुकली म्हणून.