पोचादुरुस्ती, रंगकामाविना

मोटारीच्या पत्र्याला आघाताने पडलेला खळगा, म्हणजे पोचा, मूळ रंग शाबूत ठेवून आतून रेटून किंवा बाहेरून ओढून सपाटीला आणण्याचे काम. गॅरेजमध्ये रूढ असलेल्या ‘डेंटिंग-पेंटिंग’मध्ये पत्रा ठोकल्यावर उरलेली उंचसखलता पुटीने भरून, घासून, वर प्रायमर व रंग मारतात, येथे ती सोय नसल्याने सारी सफाई पत्र्यावरच साधावी लागते.

पत्रा बहुधा 0.7 ते 0.8 मिमी जाडीचा असतो व त्यावरील रंगाचे थर मिळून सुमारे 0.1 मिमी भरतात. पोचा पडताना मधला भाग ताणला जातो आणि भोवती टेंगूळ उठते. त्यामुळे नुसता मध्य रेटून भागत नाही, कडाही बोथट खुंटीने दाबाव्या लागतात. कारागीर दाराच्या किंवा बॉनेटच्या पोकळीतून वाकडी सळई घालतो आणि पत्र्यावर पडलेले रेघांच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहत, रेघ सरळ होईपर्यंत अगदी थोडा थोडा दाब देतो. सळई पोहोचत नसेल तेथे गोंदाने चिकटवलेली प्लास्टिकची गुटी ओढतात. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकामात ठोक्याची खूण हीच भांड्याची शोभा असते. येथे ती दिसली की काम फसले.

मूळ रंग राखण्याचा आग्रह केवळ दिखाऊ नाही. कारखान्यात रंग चढवलेला नुसता सांगाडा 140 अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापमानाला भाजतात; जोडणी पूर्ण झालेल्या गाडीतील रबर व प्लास्टिक ती उष्णता सोसत नाहीत, म्हणून नंतरचा रंग बराच कमी तापमानाला वाळवावा लागतो व तो सहसा मूळ रंगाइतका टिकत नाही. दरवर्षी सुमारे 3000 मिमी पाऊस झेलणाऱ्या महाड-पोलादपूरच्या दमट हवेत उघडा पडलेला पत्रा लवकर गंजतो, त्यामुळे हा फरक तेथे अधिक जाणवतो. चवदार तळ्याच्या 1927 च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ 20 मार्चला महाडात गर्दी होते. अशा दाटीत शेजारच्या गाडीचे दार लागून पडणारा उथळ पोचा या पद्धतीस सर्वांत अनुकूल. तेवढ्यासाठी विम्याचा दावा केल्यास सामान्यतः दावा न केल्याबद्दलची, 20 ते 50 टक्क्यांपर्यंत वाढणारी हप्त्यातील सवलत गमवावी लागते.

रंग तडकलेला, पत्र्याला तीक्ष्ण घडी पडलेली, आधी पुटी भरलेली किंवा पोचा पत्र्याच्या अगदी कडेला असल्यास ही पद्धत सहसा चालत नाही. काशेडी वा आंबेनळी घाटात कठड्याला घासलेल्या गाडीला पुटी आणि रंगच लागतो.