सांगणे आणि सहभागिता : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक सूत्र

नव्या करारातील योहानाच्या पहिल्या पत्राच्या आरंभीच लेखनाचे प्रयोजन सांगितलेले आहे. जे ऐकले, पाहिले व हातांनी चाचपले, ते इतरांना सांगावयाचे; आणि ते अशासाठी, की ऐकणारालाही सांगणाराच्या व देवाच्या सहवासात भागी होता यावे. मराठी बायबलने या भागी होण्याला ‘सहभागिता’ असा शब्द योजिला आहे. सांगणे हे साधन, सहभागिता हे साध्य. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा तीन शतकांचा इतिहास म्हणजे या साधनाची व साध्याची सांगड घालण्याचा इतिहास होय. आणि ती सांगड कोठे जुळली, कोठे सुटली, याची साक्ष त्या वाङ्मयाची भाषाच देते.

या इतिहासाचा आरंभ गोव्यात, राजसत्तेच्या छायेत झाला. १५६७ साली साष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी पाडली. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेजुइट धर्मगुरू मारले गेले; पुढे त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या करण्यात आली. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेजुइट थॉमस स्टीफन्स यांनी आपले आयुष्य याच साष्टीत वेचले. १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. त्याच्या प्रास्ताविक भागात एक ब्राह्मण श्रोता पाद्रीला विचारतो, की आमची पुराणे तुम्ही निषिद्ध ठरविली. मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरी का देत नाही? या प्रश्नात जिज्ञासा आहे, तशीच वंचनाही आहे. ज्याचे श्रवणसुख हिरावून घेतले गेले, तोच नव्या श्रवणाची मागणी करीत आहे. स्टीफन्स यांची थोरवी अशी, की हा प्रश्न त्यांनी दडविला नाही. त्यांनी उत्तर दिले ते ओवीतून, आणि ‘वैकुंठ’, ‘मुक्ती’ यांसारख्या श्रोत्यांच्या कानांत आधीच रुळलेल्या शब्दांतून. सत्तेने जे दार बंद केले होते, ते भाषेने काही अंशी उघडले.

तथापि पुराणकार हा उच्चासनावरून बोलतो. श्रोता शंका विचारतो, वक्ता निरसन करतो. दोघांतील अंतर कायम राहते. शिवाय ज्या सत्तेच्या आश्रयाने हे पुराण छापले गेले, तिनेच १६८४ साली फर्मान काढून तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा टाकण्याचा आदेश रयतेला दिला. १६४९ व १६५४ साली पुनर्मुद्रित झालेला हा ग्रंथ पुढे हस्तलिखितांच्या आधारे टिकला आणि १९०७ साली मंगळूर येथे सालढाणा यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. सत्तेचे फर्मान मागे पडले. श्रद्धाळूंनी नकलून ठेवलेल्या ओव्या मात्र राहिल्या.

एकोणिसाव्या शतकात पुराणाची जागा भाषांतराने घेतली. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचे काम हाती घेतले. १८०५ साली मराठीचे व्याकरण व मत्तयाचे शुभवर्तमान, आणि १८११ साली नवा करार त्यांनी प्रसिद्ध केला. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. १८५७ साली बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ आले. ग्रंथ वाढले, वाद वाढले, मराठी गद्यालाही त्यातून बळ मिळाले. परंतु मूळ ग्रंथाशी एकनिष्ठ राहू पाहणाऱ्या या गद्याला एक परकी अवघड चाल आली, आणि ‘मिशनरी मराठी’ हा उपहासाचा विषय झाला. सांगणे विपुल झाले. जवळीक मात्र त्या मानाने वाढली नाही.

या अवघडलेपणातून दोन वाटा निघाल्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशी साधी भाषा त्यांना हवी होती, आणि जुन्या धर्मकल्पनांनी भारलेले शब्द त्यांनी कटाक्षाने दूर ठेवले. ज्या संस्कृत परंपरेचा अधिकार त्यांनी जवळून पाहिला होता, तिच्या शब्दांतून स्त्रीला मोकळीक मिळेल असा त्यांचा विश्वास उरला नव्हता.

नारायण वामन टिळकांची वाट उलट दिशेची. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताच्या पायांशी आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते मानीत. अभंग स्वीकारताच वक्त्याचे आसन सुटले. अभंगात कवी प्रथम स्वतःच याचक असतो; आत्मनिवेदन हेच त्याचे निवेदन. ऐकणारा त्याच्या शेजारी बसतो, समोर नव्हे. १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला व त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही स्थान दिले. १९१९ साली त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अल्पजीवी ठरला.

या सहभागितेचे मोल प्रथम घरातच द्यावे लागले, हेही विसरता येत नाही. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. ‘स्मृतिचित्रे’मधील त्या काळाचे चित्रण कोणत्याही प्रचारग्रंथाला न पेलणारे सत्य सांगते. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीने त्यांना पुष्कळ सांगितले होते. पण त्यांचे पाऊल पडले ते त्यांच्या स्वतःच्या वेळी. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले, व ते १९३८ साली, त्यांच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. स्टीफन्स यांच्या पुराणात श्रोत्याने नव्या कथेची मागणी केली होती. ‘ख्रिस्तायना’त एकेकाळची श्रोतीच कथा पुढे सांगू लागली. योहानाच्या पत्राने सांगण्याचे जे साध्य मानले, ते मराठीत येथे सिद्ध झालेले दिसते.